पाणीमंडळांची पेढी

पाण्याच्या कामास पैसा लागतो हें कोणाही शेतकऱ्यास सांगावयास नको. विहीर खणावयाची असो, बंधारा घालावयाचा असो, गांवास नळ आणावयाचा असो, किंवा गांवांतून वाहणारें घाण पाणी शुद्ध करून ओढ्यांत सोडावयाचें असो, पहिला प्रश्न पैशाचा येतो. परंतु तो पैसा कोणाकडून घ्यावा, किती मुदतीनें घ्यावा व कोणाच्या जबाबदारीवर घ्यावा, या तीन गोष्टींचा विचार आपल्याकडे जितका व्हावयास पाहिजे तितका होत नाहीं. सरकारनें दिलें तर घ्यावें, न दिलें तर वाट पाहावी, अशी आपणांस संवय पडून गेली आहे. हा दोष सर्वस्वीं लोकांचाच आहे असें आमचें म्हणणें नाहीं. ज्या रीतीनें पैसा येतो त्या रीतीनेंच ही संवय लागते.

आमची सारी नोकरी महसूल खात्यांत कारकुनीवर गेली, तेव्हां तगाई या शब्दाशीं आमचा परिचय पहिल्यापासूनचा. १८८३ सालचा जमीनसुधारणेच्या कर्जाचा कायदा व त्याच्या पाठोपाठ १८८४ सालीं झालेला शेतकऱ्यांच्या कर्जाचा कायदा, या दोहोंखालीं सरकार विहिरीस, तालीस, बैलांस व बियाण्यास कर्ज देई. आम्ही नोकरीस लागलों तेव्हां तगाईचे भराचे दिवस केव्हांच सरले होते. जुन्या बाक्यांच्या याद्या तेवढ्या दप्तरांत उरल्या होत्या. त्या चाळतांना एक गोष्ट आमच्या ध्यानांत येई. एकट्या शेतकऱ्यानें स्वतःच्या विहिरीसाठीं घेतलेलें कर्ज उशिरां कां होईना, बहुधा फिटलेलें असे. जमीन त्याची, विहीर त्याची, आणि तारण लिहून दिलेली जमीनही तीच. मग टाळणार कोणास? सामाईक कामाची गोष्ट मात्र निराळी. आमच्या माहितीच्या एका गांवीं अनुदानांतून नळाचें काम झालें. टाकी उभी राहिली, नारळ फुटला, दोन वर्षें पाणी आलें. पुढें मोटार जळाली. ती भरून आणण्यास लागणारी रक्कम गांवास जड नव्हती. पण ती कोणीं द्यावी हें कोणासच ठाऊक नव्हतें, कारण टाकी कोणाची हेंच कधीं ठरलें नव्हतें. बायका पुन्हां आडावर जाऊं लागल्या. टाकीच्या सांवलींत आतां जनावरें बसतात.

सामाईक पाण्याच्या कामास कर्ज मिळावें, तें फिटावें, आणि काम पिढ्यान्‌पिढ्या चालू राहावें, हें एका देशांतील शेतकऱ्यांनीं साधलें आहे. तेथें पाण्याच्या संस्थांनीं स्वतःच्या मालकीची एक बँक काढली व ती आज सत्तर वर्षांहून अधिक काळ चालली आहे. तो देश म्हणजे हॉलंड, अथवा नेदरलँड्स. तेथील लोकांस आपले पूर्वज वलंदेज म्हणत. सतराव्या शतकांत वेंगुर्ल्यास त्यांची वखार होती. या बँकेची हकीकत आमच्या शेतकरी बंधूंपुढें मांडावी एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

हॉलंड देश इतका सखल कीं त्याचा चौथ्या हिश्शाहून अधिक भाग समुद्राच्या पातळीखालीं आहे. आपणांस पाणी आणण्याची विवंचना, तर त्यांस तें बाहेर काढण्याची. चोहोंकडून बांध घालून, आंतलें पाणी उपसून, जी जमीन ते लागवडीस आणतात तिला ते पोल्डर म्हणतात. कोंकणांतील खार जमिनी किंवा गोव्यांतील खाजण शेतें ज्यांनीं पाहिलीं आहेत त्यांस ही कल्पना सहज येईल. बांध एके ठिकाणीं फुटला तर खारें पाणी सर्वांच्या शेतांत शिरतें; तेथें माझा वाफा व तुझा वाफा असा भेद राहत नाहीं. सबब तेराव्या शतकापासूनच त्या लोकांनीं बांधाच्या राखणीसाठीं मंडळें स्थापिलीं. लायडन शहराच्या आसपासच्या राइनलँड नांवाच्या मंडळास १२५५ सालची सनद आहे, व तें मंडळ अद्यापि चालू आहे. या मंडळांस तिकडे वॉटरस्खाप म्हणतात. आम्ही त्यांस पाणीमंडळें म्हणूं.

प्रारंभीं ज्याची त्याची जमीन असेल त्या मानानें त्यानें बांधाचा आपला तुकडा नीट ठेवावा असा नियम होता. मंडळाचे लोक ठरल्या दिवशीं बांधावरून फिरून पाहणी करीत व ज्याचा तुकडा कच्चा आढळे त्यास दंड करीत. ज्यास आपला तुकडा राखण्याची ऐपत उरली नाहीं, त्यानें बांधांत कुदळीसारखें आपलें फावडें रोवून निघून जावें, आणि जो तें फावडें उपटील त्यानें जमीन घ्यावी व बांधाचा बोजाही घ्यावा, असाही रिवाज त्या किनाऱ्यावर होता. रिवाज कठोर खरा. परंतु जमीन व तिचा बोजा एकमेकांपासून सुटे होत नाहींत हें त्यांत स्पष्ट आहे. पुढें अंगमेहनतीच्या जागीं रोख पट्टी आली, आणि पट्टी आली म्हणजे कर्ज काढणेंही शक्य झालें.

त्या कर्जाचा एक कागद अद्यापि जिवंत आहे. १६४८ सालीं लेक नदीच्या एका बांधमंडळानें नदीच्या वळणावर धक्का बांधण्यासाठीं एक हजार गिल्डर कर्ज काढलें व शेळीच्या कातड्यावर रोखा लिहून दिला. मुद्दल परत करण्याची मुदत त्यांत नाहीं. व्याज मात्र निरंतर द्यावयाचें. प्रथम दर शेंकडा ५ होता, तो पुढें उतरवून साडेतीन व नंतर अडीच केला. हा रोखा २००३ सालीं अमेरिकेंतील येल विद्यापीठानें जुना लेख म्हणून विकत घेतला. २०१५ सालीं विद्यापीठाचा माणूस तो घेऊन हॉलंडांत गेला, तेव्हां त्या बांधमंडळाच्या वारस असलेल्या मंडळानें थकलेलें बारा वर्षांचें व्याज, १३६ युरो २० सेंट, मोजून दिलें. राज्यें बदललीं, गिल्डर जाऊन युरो आला. मंडळाची सही मात्र खरी ठरली. आमच्यासारख्या जुन्या कारकुनास हा कागद डोळ्यांनीं पाहावयास मिळता तर फार आनंद झाला असता.

येथवर कथा गोड आहे. परंतु ही मंडळें लहान लहान होतीं, आणि १९५० च्या सुमारास त्यांची संख्या सुमारें अडीच हजार होती. कोणाकडे चार गांवांचा बांध, कोणाकडे एक ओढा व दोन पाणउपशाचीं यंत्रें. जुन्या कामाची डागडुजी त्यांच्या पट्टींतून कशीबशी भागे. मोठें नवें काम निघालें म्हणजे हात टेकावे लागत. लढाईच्या दिवसांत बांधांकडे व्हावें तसें लक्ष झालें नव्हतें. अशा स्थितींत १९५३ च्या ३१ जानेवारीची रात्र उजाडण्यापूर्वींच घात झाला. वायव्येकडून तुफान आलें, त्याच रात्रीं समुद्राला उधाण होतें, आणि नैर्ऋत्य भागांतील बांध अनेक ठिकाणीं फुटले. १,८३६ माणसें बुडालीं. सुमारें १,३६५ चौरस किलोमीटर मुलुख खाऱ्या पाण्याखालीं गेला. शेवटचें मोठें भगदाड औवरकर्क या गांवीं नोव्हेंबरांत बुजलें, म्हणजे कांहीं शेतांत खारें पाणी नऊ महिने भरतीओहोटीबरोबर येत-जात होतें. पुढें त्या जमिनींत जिप्सम घालून मीठ धुऊन काढावें लागलें. आपल्याकडील कालव्याखालच्या चोपण जमिनींस जो उपाय करतात तोच हा.

या आपत्तीनंतर बांध उंच करावयाचे, उपशाचीं यंत्रें बदलावयाचीं, आणि तींही सर्व मंडळांनीं एकदम, अशी पाळी आली. पैसा पाहिजे होता तो तीस-चाळीस वर्षांच्या मुदतीचा. समुद्राच्या मुखावरील मोठीं धरणें सरकारनें आपल्या अंगावर घेतलीं. आंतील कामें मंडळांचींच राहिलीं. लहान मंडळ एकटें बाजारांत कर्ज मागावयास गेलें तर त्यास कोण ओळखतो? ओळख नाहीं म्हणून व्याज जास्त, रक्कम लहान म्हणून लेखणावळीचा खर्च जास्त. म्हणून १९५४ सालीं मंडळांनीं एकत्र येऊन आपली स्वतःची बँक काढली. तिचें नांव नेदरलँड्से वॉटरस्खापस्बँक, म्हणजे नेदरलँड्सची पाणीमंडळांची पेढी. तिची कचेरी हेग शहरीं आहे. तिचे सुमारें ८१ टक्के भाग पाणीमंडळांचे, सुमारें १७ टक्के मध्यवर्ती सरकारचे व उरलेले प्रांतांचे आहेत. खासगी भागीदार एकही नाहीं.

ही बँक आपण पाहतों तशी नव्हे. तिच्यांत गल्ला नाहीं, बचतखातीं नाहींत, सोन्यावर कर्ज नाहीं. ती मोठ्या बाजारांत रोखे विकून घाऊक पैसा उभा करते व तो सार्वजनिक संस्थांस लागेल तसा तुकड्यातुकड्यानें देते. आपली सोसायटी खताची वॅगन एकदम मागविते व सभासदांस पोत्यापोत्यानें वांटते, त्यांतलाच हा प्रकार. एकट्यानें दोन पोतीं आणावयास गेलें तर दुकानदार सांगेल तो भाव. सर्वांची मागणी एक झाली म्हणजे भाव आपल्या हातीं थोडा तरी येतो. बँक आपल्या खर्चापुरता व सुरक्षिततेपुरता फरक ठेवते. कांहीं नफा उरलाच, तर तो लाभांश म्हणून पुन्हां त्याच मंडळांच्या पदरांत पडतो. २००८ सालच्या जागतिक मंदीनंतर युरोपांत बँकांचे नियम कडक झाले, तेव्हां भांडवल वाढविण्यासाठीं या बँकेनें कांहीं वर्षें लाभांश वांटलाच नाहीं. मंडळांनीं तें सोसलें. अशा प्रसंगीं खासगी भागीदार काय म्हणाले असते याचा विचार वाचकांनींच करावा.

मुदतीची गोष्ट वर आली आहे, तिचा हिशेब येथेंच करून दाखवितों, कारण पाण्याच्या कर्जाचा सारा खेळ मुदतींत आहे. समजा, एका गांवानें सांडपाणी शुद्ध करण्याचें एक कोटी रुपयांचें काम काढलें, व गांवांत एक हजार कुटुंबें आहेत. दर साल दर शेंकडा ७ व्याजानें दहा वर्षांत सारखे हप्ते करून फेडावयाचें म्हटलें, तर वर्षाचा हप्ता सुमारें १४ लक्ष २४ हजार येतो. म्हणजे कुटुंबास वर्षाला १,४२४ रुपये. तेंच कर्ज तीस वर्षांचें केलें तर हप्ता सुमारें ८ लक्ष ६ हजार, कुटुंबास ८०६ रुपये. मुदत तीसच वर्षें, पण व्याज ९ झालें, तर हप्ता ९ लक्ष ७३ हजार, कुटुंबास ९७३ रुपये. लांब मुदतीत एकंदर व्याज अधिक जातें हें खरें. पहिल्या हिशेबांत सारी फेड सुमारें एक कोटी ४२ लक्ष होते, दुसऱ्यांत दोन कोटी ४२ लक्षांच्या घरांत जाते. म्हणून कोणी म्हणेल कीं लहान मुदतच बरी. परंतु काम जर चाळीस वर्षें टिकणारें असेल, तर त्याचा सर्व बोजा पहिल्या दहा वर्षांतील लोकांनींच कां वाहावा? आणि मुख्य म्हणजे, १,४२४ रुपयांची पट्टी बसविली तर गांवांतील निम्मे लोक ती भरणार नाहींत व काम पहिल्याच वर्षीं अडेल. ज्या हप्त्यानें वसुली होते तोच हप्ता खरा. साधारण बँका लोकांच्या थोड्या मुदतीच्या ठेवींवर चालतात, त्यांस तीस वर्षांचें कर्ज देणें जड जातें. लांब मुदतीचे रोखे विकणाऱ्या सार्वजनिक बँकेस तें जमतें.

आतां तारणाचा प्रश्न. बांध किंवा मैलापाण्याचें शुद्धीकरणकेंद्र कोणी जप्त करून नेऊं शकत नाहीं, आणि नेलें तरी त्यास गिऱ्हाईक कोण? मग बँक कशाच्या भरंवशावर पैसा देते? ती देते पट्टीच्या भरंवशावर. कायद्यानें पाणीमंडळास पट्टी बसविण्याचा अधिकार आहे. शेतजमिनीवर हेक्टरच्या मानानें, घरांवर किमतीच्या मानानें, व रहिवाशांवर दर कुटुंबामागें ती बसते, आणि चुकविणाऱ्याकडून वसूल होते. मंडळाच्या कारभाऱ्यांची निवडणूक दर चार वर्षांनीं होते. शेतकऱ्यांच्या प्रतिनिधींसाठीं व निसर्गभूमीच्या धन्यांसाठीं कांहीं जागा राखून ठेविलेल्या आहेत. ज्याचा पाण्याशीं संबंध त्यानें पैसा भरावा, आणि जो पैसा भरतो त्यास कारभारांत बोलण्याचा हक्क असावा, हें तेथील जुनें सूत्र आहे. पाठीशीं शेवटीं सरकारही उभें आहे, त्यामुळें या बँकेच्या रोख्यांची पत सरकारी रोख्यांच्या बरोबरीची मानली जाते. म्हणजे स्वस्त व्याज हें पत असल्याचें फळ आहे, आणि पत ही पट्टी नियमित वसूल होण्याचें. आपल्याकडे मात्र लोक फळाची मागणी करतात आणि पट्टीचें नांव निघालें कीं सभेंतून उठून जातात.

मैलापाण्याचा विषय प्रथम या मंडळांकडे नव्हता. बांध व पाण्याची पातळी एवढेंच त्यांचें काम. परंतु १९६० च्या सुमारास त्या देशांतील कालवे व नद्या दुर्गंधीनें भरून गेल्या. उत्तरेकडील ग्रोनिंगन प्रांतांत बटाट्याच्या पिठाचे व गवताच्या पुठ्ठ्याचे कारखाने होते. त्यांचें पाणी कालव्यांत सुटून वर फेंस येई व मासे मरत. विशेष हें कीं पिठाच्या कारखान्यांपैकीं कित्येक शेतकऱ्यांच्याच सहकारी संस्थांचे होते. आपल्याकडे साखर कारखान्याच्या पाण्यानें खालच्या गांवांच्या विहिरी खराब झाल्या म्हणजे जी कुचंबणा होते, ती त्यांनींही अनुभवली आहे. कारखानाही आपला, विहीरही आपली, तक्रार कोणावर करावी?

१९७० सालीं त्यांच्याकडे उघड्या पाण्याच्या प्रदूषणाचा कायदा अंमलांत आला. जो घाण करील त्यानें घाणीच्या मापानें पैसा द्यावा असा त्याचा मुद्दा. मापाची रीत साधी आहे. एका माणसाच्या वर्षाच्या मैलापाण्याएवढी घाण म्हणजे एक माप. एकटा राहणारा माणूस एक माप भरतो. एकाहून अधिक माणसें असलेलें घर सरसकट तीन मापें भरतें, मग माणसें तीन असोत वा सात. कारखान्यास मात्र त्याच्या प्रत्यक्ष घाणीच्या मानानें मापें मोजून आकार पडतो. घरोघर मोजणी करावी लागत नाहीं, म्हणून वसुलीचा खर्च थोडा, आणि कारखान्यास मोजणी टाळतां येत नाहीं. ही पट्टी लागू झाल्यावर पुष्कळ कारखान्यांनीं, पैसे भरण्यापेक्षां घाण कमी करणें स्वस्त, असें पाहून आपली यंत्ररचना बदलली. उरलेल्या पाण्यासाठीं मंडळांनीं शुद्धीकरणकेंद्रें बांधलीं, त्यांस लागलेलें लांब मुदतीचें भांडवल पुरविण्यांत या बँकेचा मोठा हात होता, व हप्ते या पट्टींतून फिटत गेले. गटाराच्या नळ्या नगरपालिकांकडे, शुद्धीकरण मंडळांकडे, अशी कामाची वांटणी आहे. नगरपालिकांसाठीं निराळी बँक १९१४ पासून आहे. तिचे निम्मे भाग सरकारचे व बाकीचे बहुतेक नगरपालिका आणि प्रांत यांचे. पिण्याचें पाणी पुरविणाऱ्या कंपन्याही तेथें सार्वजनिक मालकीच्याच ठेवाव्या असा कायदा आहे. २०१४ सालीं पाणीमंडळांच्या बँकेनें केवळ पाण्याच्या कामांसाठीं म्हणून ५० कोटी युरोचे रोखे काढले, व ते खपले.

येणेंप्रमाणें सर्वच उत्तम आहे असें समजून कोणी फसूं नये. पहिली गोष्ट, अडीच हजार मंडळांचीं एकत्रीकरणें होतां होतां आज एकवीसच उरलीं आहेत. कारभार सुधारला, तज्ज्ञ नोकर ठेवतां आले, पण पूर्वीं जो शेतकरी स्वतः बांधावरून फिरे तो आतां केवळ पट्टी भरणारा झाला. निवडणुकीस मतदार उत्साहानें येत नसत. २०१५ पासून ती प्रांतिक निवडणुकीच्याच दिवशीं घेऊं लागले तेव्हां संख्या वाढली. दुसरें, बँकेचें नांव पाण्याचें असलें तरी तिच्या कर्जांचा फार मोठा भाग हल्लीं गरिबांसाठीं घरें बांधणाऱ्या संस्थांकडे जातो. तीं कामें वाईट नव्हेत. परंतु ज्या हेतूनें पेढी काढली तो हेतु एका कोपऱ्यांत राहूं नये. तिसरी गोष्ट आम्हां शेतकऱ्यांस जरा झोंबणारी आहे. नळाच्या तोंडाची घाण मोजतां येते, त्यावर पट्टी बसते. शेतांतून झिरपणारें खत मोजतां येत नाहीं. त्यामुळें तेथील कारखान्यांचें पाणी सुधारलें तरी शेणखतांतील व रासायनिक खतांतील नत्र व स्फुरद यांचा उपद्रव ओढ्यांतून अद्यापि आहे, आणि त्यावर तेथील शेतकरी व सरकार यांच्यांत तीव्र वाद चालू आहे. त्यावर कितीही स्वस्त कर्ज दिलें तरी उपाय होत नाहीं.

आतां आपल्याकडे काय आहे तें पाहूं. सार्वजनिक बँका आपल्याकडे थोड्या नाहींत. १९८२ सालीं स्थापन झालेली नाबार्ड ही शेतीची शिखर बँक १९९५-९६ पासून ग्रामीण पायाभूत कामांच्या निधींतून राज्यसरकारांस कर्ज देते. बंधारे, कालवे, पिण्याच्या पाण्याच्या योजना यांस तो पैसा लागला आहे. ज्या बँका शेतीस व इतर अग्रक्रमाच्या धंद्यांस ठरल्याप्रमाणें कर्ज देत नाहींत त्यांच्याकडून उरलेली रक्कम या निधींत जमा करून घेतात, ही युक्ति आम्हांस चांगली वाटते. परंतु कर्जदार राज्यसरकार असतें. गांवास काम दिसतें, कर्ज दिसत नाहीं. हप्ता कोण भरतो, किती उरला, याची खबर नसते. पुणें महानगरपालिकेनें २०१७ सालीं पाणीपुरवठ्यासाठीं दहा वर्षें मुदतीचे २०० कोटी रुपयांचे रोखे काढले. मोठ्या शहरास बाजारांत एकटें जातां येतें. तालुक्याच्या गांवास येत नाहीं. लहानांनीं एकत्र जाण्याचा प्रयोग तामिळनाडूनें केला आहे. तेथें २००२ सालीं १३ लहान नगरसंस्थांच्या पाणी व स्वच्छतेच्या कामांसाठीं एकत्र असे सुमारें ३० कोटींचे रोखे निघाले. वलंदेजांच्या कल्पनेच्या जवळचें आपल्या देशांतील उदाहरण म्हणून आम्ही तें नमूद करतों.

सामाईक कारभाराची कला आपल्या मुलुखास नवी नाहीं. धुळें व नाशिक जिल्ह्यांतील पांझरा, मोसम या नद्यांवर फड पद्धत शेंकडों वर्षें चालली. बंधाऱ्याची दुरुस्ती, पाटाची सफाई, पाटकऱ्याचा मेहनताना हें सारें फडाचे लोक आपसांत ठरवीत. २००५ सालच्या कायद्यानें महाराष्ट्रांत पाणीवापर संस्थांस पाणी मोजून घेण्याचा व सभासदांकडून आकार वसूल करण्याचा अधिकार दिला आहे. दिंडोरी तालुक्यांतील वाघाड धरणावर अशा संस्थांनीं एकत्र येऊन सर्व लाभक्षेत्राचा कारभार हातीं घेतला. २०१९ सालीं सुरू झालेल्या जल जीवन मिशनच्या नियमांतही गांवांतील कामाच्या खर्चाचा दहावा हिस्सा, आणि डोंगरी, वनक्षेत्रांतील व अनुसूचित जातिजमातींच्या बहुसंख्य वस्तीच्या गांवीं विसावा हिस्सा, गांवानें द्यावा असें ठरविलें. मोटार जळालेल्या त्या गांवांत अशी वर्गणी व तिचें पुस्तक असतें, तर टाकी कोणाची हा वाद निघाला नसता.

मात्र कोणत्याही पाणीवापर संस्थेनें उद्यां जिल्हा बँकेच्या दारीं जाऊन तीस वर्षांचें कर्ज मागितलें, तर बँकेचा अधिकारी काय पाहील? कालवा किती लांब, पाणी किती, हें तो मागाहून विचारील. आधीं तो म्हणेल, गेल्या पांच वर्षांची मागणी, वसूल व बाकी दाखवा. आमच्या पाहण्यांत अशा संस्थांचीं पावतीपुस्तकें पुष्कळ आलीं. परंतु सालवार मागणी व बाकी एका पानावर मांडलेली संस्था क्वचितच आढळली. पाऊस न पडलेल्या वर्षाची सूट कोणत्या ठरावानें दिली याचीही नोंद नसते, मग ती रक्कम सूट कीं थकबाकी हें कोणीं सांगावें? हें पुस्तक घालण्यास सरकारची मंजुरी लागत नाहीं व खर्चही एका वहीचा. तलाठ्याच्या दप्तरांतील जमाबंदीच्या धर्तीवर त्याचे रकाने आम्हीं आंखले आहेत. मागील बाकी, चालू मागणी, सूट व ठरावाचा क्रमांक, वसूल, अखेर बाकी, असा तो नमुना आहे. मैलापाण्याची पट्टी घेणाऱ्या ग्रामपंचायतीसही थोड्या फेरफारानें तो चालेल. ज्या संस्थांस तो पाहिजे असेल त्यांनीं संपादकांमार्फत कळवावें, म्हणजे एक कोरी प्रत व भरून दाखविलेलें एक पान पाठविण्याची तजवीज करूं. मात्र संस्थेनें आपल्या सभासदांची संख्या व पट्टीचा चालू दर पत्रांत अवश्य लिहावा.